पंधरा मीटर

क्रेगनं यंत्र आत आणायच्या आधी दारावर कागद चिकटवला:
या घरात ऑक्सिजन आहे, विडी-काडी नको.
मग विचारलं, मिसेस मर्डंडी कोण?
मी म्हटलं, मुरदंडे. त्या तिथे, रजईत.
हिनं हात वर केला, वर्गात हजेरी दिल्यासारखा.

नळी पंधरा मीटर.
मी जन्मभर सूत मोजलं, आधी इचलकरंजीत,
मग इथं कीथलीत, गिरणीला टाळं लागेस्तोवर रात्रपाळी.
पंधरा मीटर म्हणजे किती, मला सांगायला नको.
पलंगापासून संडास.
जिन्याची सहावी पायरी, सातवी नाही.
मागच्या दारातून गुलाबाच्या दोन पावलं अलीकडे.

क्रेग सांगत गेला, मी कॅलेंडरच्या पाठीवर लिहीत गेलो.
एक्स्टेन्शन लावायचं नाही, थेट भिंतीत.
पडद्याआड दडवायचं नाही, यंत्रालाही हवा लागते.
वर टॉवेल वाळत घालायचा नाही
(हे तो माझ्याकडे बघूनच म्हणाला).
नाकाला व्हॅसलिन नाही, विक्स नाही, खोबरेल नाही.
ज्योतीपासून तीन मीटर लांब.

ज्योत म्हणजे कुठली? हिनं विचारलं.
इतका वेळ गप्प होती.
मी विचारून सांगितलं: सगळ्याच.

आमचं स्वयंपाकघरच मुळात तीन मीटरचं,
म्हणून तांबडी चिकटपट्टी उंबऱ्यावर मारली,
गिरणीत चालत्या पट्ट्यांभोवती असायची तशी.
पलीकडे मी आणि गॅस.
अलीकडे ही खुर्चीत, नळीचं वेटोळं मांडीवर.
"तेल तापलं?"
तापलं.
"तापलं म्हणजे धूर आला, की तुम्हाला वाटलं?"
मोहरी टाकली.
"आता हिंग. आता. आता म्हटलं ना...
गेला तुमचा हिंग जळून."
एका वाक्याला तिला तीन थांबे लागतात,
तरी हिंगाच्या आधी पोचते.

देवापुढे बॅटरीचा दिवा, पौंडाला दोन.
मला वाटलं, रागावेल.
बटण दाबून बघितलं, बंद केलं, परत लावलं.
"राहू दे," म्हणाली, "देवाचंही वय झालं.
त्यालाही कुणी सांगितलं असेल, तीन मीटर."

गिरणीत आम्ही आवाजात डुलक्या काढायचो.
जाग यायची ती माग थांबला की.
फेब्रुवारीत एका रात्री तशीच जाग आली.
यंत्राची शिट्टी वाजायच्या आधी मी उठून बसलो होतो.
खिडकीत रस्त्याचा दिवा नाही,
समोरच्या टेकडीवर एकसुद्धा घर नाही.
हात आपसूक ड्रॉवरकडे गेला, मेणबत्तीला.
सत्तर वर्षांची सवय आहे हाताला,
अंधार म्हणजे काडेपेटी.
बोटं पेटीवर टेकली.

"काडी नको," अंधारातून आलं.
मग बराच वेळ काही नाही.
मग, "विजेरी. उशाखाली."

विजेरी दातात धरली. कोपऱ्यातला सिलिंडर,
चावी डावीकडे, काटा हलला,
नळी इथून काढून तिथे.
तुटला धागा सांधायला मला चार सेकंद लागायचे,
मुकादम घड्याळ लावून दाखवायचा नव्या पोरांना.
त्या रात्री किती लागले, मोजले नाहीत.
ही मोजत होती.
सकाळी चहा पिताना म्हणाली, "चाळीस."

त्यानंतर काडेपेटी शेजारच्या मॉरीनकडे नेऊन दिली.
तिला वाटलं, मी काहीतरी परत करायला आलोय.

परवा मी दारात उभा, पोस्टमनशी बोलत.
पाऊस, बसचं भाडं, त्याचा गुडघा.
आतून हाक आली, "पाय."
मी खाली पाहिलं. सपातेखाली नळी.
काढला.
पोस्टमननं विचारलं, काय म्हणतात त्या?
मी म्हटलं, काही नाही, रोजचंच.